ऑईल ओढायचा व्हॅक्यूम पंप: बुटक्या स्पोर्ट्स कारला खरंच उपयोगी आहे का?

पंप चांगला आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी म्हणायला नको की वस्तूच भंगार होती. गाडीखाली न जाता इंजिनातलं जुनं ऑईल वरूनच ओढतो, सांडत नाही, टाकीवर लिटरच्या खुणा आहेत, हातही फारसे काळे होत नाहीत. तरीपण माझ्या गाडीसाठी मी हा पंप परत घेणार नाही. आणि ज्यांच्याकडे अशीच जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्स कार आहे आणि जे "चला, आता गाडीखाली शिरायची कटकट संपली" म्हणून पंप घ्यायला निघालेत त्यांनी दोन मिनिटं थांबा, बोनेट उघडा आणि ऑईलसोबत बदलायचा तो ऑईल फिल्टर तुमच्या गाडीत कुठे बसवलाय ते बघा. सगळा निकाल तिथेच लागतो, पंपाच्या बॉक्सवर काय छापलंय त्याला काही अर्थ नाही.

माझी गाडी म्हणजे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १.६ लिटर इंजिनवाली. उघडझाप करणारे हेडलाईट असलेली तीच ती, १९८९ मध्ये आली आणि १९९७ पर्यंत बनत होती. घरी ऑईल बदलायला शिकायचं असेल तर याहून साधी स्पोर्ट्स कार शोधून सापडणार नाही. चार सिलिंडर, टर्बो नाही, चार लिटरच्या आत ऑईल, फिरवून काढायचा छोटासा फिल्टर आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या तसराळ्याच्या, खाली ऑईल सोडायचा एकच ड्रेन प्लग. पण हे इंजिन ऑईलच्या बाबतीत लाडावलेलं आहे. यात हायड्रॉलिक लॅश अ‍ॅडजस्टर आहेत, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप मेकॅनिकने सेट करायची गरज नाही, ते ऑईलच्या प्रेशरवर स्वतःच गॅप भरून काढतात. त्यामुळे ऑईल जुनं झालं, लेव्हल खाली गेली किंवा त्या अ‍ॅडजस्टरमध्ये मळ साचला की सकाळी गाडी चालू केल्या केल्या बोनेटखालून टिकटिक टिकटिक सुरू होते, आणि मग मालकाचं डोकंही टिकटिकायला लागतं. म्हणून ही गाडी बाळगणारे लोक ऑईल वेळेवर, बरेचदा वेळेच्या आधीच बदलतात, आणि वारंवार करायचं काम सोपं करून देणारी कुठलीही वस्तू दिसली की आपला हात खिशाकडे जातोच.

आता पंपाविषयी. हा हाताने चालवायचा प्रकार आहे, कॉम्प्रेसर किंवा वीज काही लागत नाही. साधारण सहा-सात लिटरची प्लास्टिकची टाकी, वर हवा ओढायचा दांडा, आणि सोबत जाड-बारीक अशा वेगवेगळ्या नळ्या. डिपस्टिक, म्हणजे ऑईलची लेव्हल बघायची पट्टी, काढायची, तिच्या भोकातून बारीक नळी खाली टेकेपर्यंत सरकवायची, दांडा पंधरा-वीस वेळा वरखाली करायचा, टाकीत व्हॅक्यूम तयार झाला की ऑईल आपोआप चढायला लागतं आणि नंतर तुम्हाला काही करायचं नसतं, अधूनमधून जोर कमी झालाय असं वाटलं तर परत दोन-चार दांडे मारायचे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या आकाराचे बरेच पंप एकाच साच्यातून काढून वेगवेगळी स्टिकरं लावल्यासारखे दिसतात, तेव्हा मी जे सांगतोय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू व्हावं.

गाडी सपाट जागेवर हवी हे मात्र लक्षात ठेवा. जॅकने पुढून उचललेली असेल तर ऑईल चेंबरच्या मागच्या बाजूला जमा होतं आणि तुमची नळी पुढेच टेकलेली असेल तर ती निम्म्यातच हवा ओढायला लागते. आणि इंजिन कोमट करून घ्या. गार ऑईल त्या बारीक नळीतून इतकं हळू येतं की बघत बसवत नाही. पण अगदी कडकडीत तापलेलंही नको, नळी मऊ पडते आणि वाकलेल्या जागी चेपून बंद होते, बऱ्याच पंपांवर तापमानाची मर्यादा लिहिलेलीच असते ती वाचा. चार-पाच मिनिटं गाडी चालू ठेवायची, बंद करायची, वरचं ऑईल खाली उतरायला थोडा वेळ द्यायचा आणि मग नळी घालायची, एवढं पुरतं.

नळी घालताना जरा हाताला अंदाज यावा लागतो. डिपस्टिकची पाईप सरळ नसते, तिला बाक असतो, नळी तिथे अडते आणि वाटतं की तळ आला. थोडी फिरवत फिरवत ढकलली की पुढे जाते, आणि खरा तळ लागतो तेव्हा नळीला एक हलकासा टणक ठोका जाणवतो. मग ऑईल चढायला लागतं तो भाग बघायला मजा येते हे कबूल केलं पाहिजे. पारदर्शक नळीतून काळपट तपकिरी दोरा वर सरकत येतो, टाकीत शिरताना गुळगुळीत धार पडते, आणि शेवटी शेवटी बुडबुडे यायला लागतात, नळी घुर्र घुर्र करते. तिथे लगेच काढू नका. नळी इंचभर वर घ्या, थोडी फिरवा, परत खाली टेकवा, दरवेळी अजून थोडं ऑईल निघतं. चेंबरच्या आत ऑईल हिंदकळू नये म्हणून बॅफलचे आडवे पत्रे असतात, तळ सगळीकडे सारखा नसतो, आणि तुमची नळी नेमकी कुठे टेकलीये हे वरून दिसत नाही.

सगळ्यांना पडणारा प्रश्न मलाही होता, की पंपाने खरंच सगळं निघतं का. त्याचं उत्तर बोलण्यात काय, ड्रेन प्लग उघडूनच मिळतं. नळी नुसती हवा ओढायला लागल्यावर मी गाडी उचलली, प्लग काढला आणि खाली भांडं धरलं. छोटा कप भरेल इतकं ऑईल आलं, आधी धार, मग थेंब थेंब. वरून काढलेल्यापेक्षा ते जरा गडद वाटलं, पण आपण शोधायलाच बसलो की गडद दिसतंच, त्यामुळे त्यावर मी फार भर देणार नाही. एवढं मागे राहिलं तर इंजिनाचं काही बिघडतं का? माझ्या मते नाही. प्लग काढून रात्रभर गाडी तशीच ठेवली तरी ऑईलच्या आतल्या वाटांमध्ये, अ‍ॅडजस्टरमध्ये, फिल्टरमध्ये थोडं जुनं ऑईल राहतंच, शंभर टक्के रिकामं इंजिन कोणी करत नाही. तेव्हा "पंपाने गाळ खाली राहतो आणि इंजिन खलास होतं" असं जे ठासून सांगतात ते जरा अतीच करतात. मर्सिडीजच्या बऱ्याच इंजिनांमध्ये फिल्टर वरून निघतो आणि डिपस्टिकच्या पाईपमधून ऑईल ओढून घेणं ही तिथे कित्येक वर्षांची रुळलेली पद्धत आहे. बोटींच्या इंजिनाला तर खाली हातच पोचत नाही, तिथे पंपाशिवाय पर्याय नसतो. पद्धत म्हणून यात खोट नाही.

मग माझी तक्रार काय? फिल्टर.

पहिल्या एमएक्स-५ मध्ये फिल्टर इंजिनाच्या उजव्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाईपांच्या, खाली दडवलाय. वरून बघितलं तर दिसतच नाही, दिसतात ते मॅनिफोल्डचे पाईप, वायरी आणि होजेस. बारीक हाताचा माणूस वरून कसाबसा बोटं टेकवू शकतो, पण टेकवणं वेगळं आणि पिळून सैल करणं वेगळं. तिथे फिल्टरचा पाना फिरायला जागा नाही, साखळीवाला पाना तर विसराच. सोपा रस्ता एकच, गाडी पुढून उचला, स्टँडवर ठेवा, उजव्या पुढच्या चाकाच्या बाजूने खालून हात वर घाला. आणि एकदा गाडी स्टँडवर गेली, तुम्ही पाठीवर पडून खाली सरकलात, हातात पाना आला, की ड्रेन प्लग तुमच्यापासून हातभर अंतरावर असतो. त्याला फिरवायला किती वेळ लागतो? मग वर सपाट गाडीत नळी घालून, दांडे मारून, घुर्र घुर्र ऐकत बसलो होतो ते कशासाठी? म्हणजे पंपाने माझं काम कमी केलं नाही, मूळ कामाला अजून एक काम जोडलं, शिवाय शेवटी एक टाकी आणि चार नळ्या पुसत बसायचं ते वेगळंच.

काही जण यावर सांगतात की दर दुसऱ्या वेळी फिल्टर बदला, मधल्या वेळी नुसतं ऑईल पंपाने काढा. करता येतं, पण नवीन ऑईल घालून त्यात जुना भरलेला फिल्टर ठेवायचा ही गोष्ट माझ्या पचनी पडत नाही, आणि या गाडीचा फिल्टर तसाही छोटा आहे.

दुसरं असं की खाली शिरणं ही मी शिक्षा समजत नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीखाली वर्षातून दोनदा तरी टॉर्च घेऊन कोणीतरी गेलंच पाहिजे. सस्पेन्शनचे रबर बूट फाटलेत का, ब्रेकचे होज तडकलेत का, पत्र्याला गंज कुठे लागलाय, हे वरून कळत नाही. या गाडीची तर एक खास खोड आहे. सिलिंडर हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सर बसतो, त्याची छोटीशी ओ-रिंग वयाने कडक होते आणि तिथून ऑईल झिरपून इंजिनाच्या पाठीवरून खाली गिअरबॉक्सच्या तोंडापर्यंत ओघळतं. खालून बघणाऱ्याला वाटतं की क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टचं) मागचं सील गेलं, म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा मोठा कार्यक्रम, आणि प्रत्यक्षात असते ती बोटभर रबराची रिंग. हे ओघळ वेळेत दिसले तर माणूस वाचतो. पंपवाला माणूस बोनेट बंद करून हात धुवून घरात गेलेला असतो, त्याला हे दिसणार कधी? तसंच ड्रेन प्लगचं. प्लग काढल्यावर त्याच्या टोकाला काय चिकटलंय, शेवटच्या थेंबांत धातूच्या किसाची चमक आहे का, हे बोटावर चोळून बघता येतं. प्लास्टिकच्या टाकीच्या तळाशी गेलेलं काय दिसणार?

हे सगळं वाचून पंप बेकार आहे असं वाटलं असेल तर तसं नाही. तुमच्याकडे टोयोटा ८६ किंवा सुबारू बीआरझेड असेल तर हे सगळं उलटं वाचा. त्या गाडीत बॉक्सर इंजिन, म्हणजे दोन्ही बाजूंना आडवे सिलिंडर असलेलं इंजिन, आहे आणि फिल्टर चक्क इंजिनाच्या वर, समोरच, उभा बसवलाय, बोनेट उघडलं की हाताशी. डिपस्टिकही वर, फिल्टरही वर, म्हणजे जमिनीला पाठ न टेकता पूर्ण काम होऊ शकतं. फक्त पहिल्या वेळी पंपाने काढून झाल्यावर एकदा प्लग उघडून बघा किती मागे राहतं, कारण बॉक्सरचं चेंबर पसरट असतं आणि नळी कुठल्या कोपऱ्यात बसली त्यावर फरक पडतो, एकदा खात्री झाली की पुढच्या वेळी निर्धास्त. बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ सुद्धा तशीच, तिच्या इनलाईन सहा सिलिंडरच्या इंजिनाचा फिल्टर वरच्या डब्यात कार्ट्रिज स्वरूपात असतो, झाकण काढलं की बाहेर. अशा गाड्यांना हा पंप म्हणजे खरंच सोय आहे.

याउलट काही गाड्यांत पंप घेऊन जाऊच नका. पोर्शच्या ९८७ पिढीच्या बॉक्सस्टर आणि केमनला डिपस्टिकच नाही, ऑईलची लेव्हल डॅशबोर्डच्या स्क्रीनवर बघायची, मग नळी घालणार कुठे? ड्राय संपवाल्या गाड्यांत तर ऑईल दोन ठिकाणी असतं, वेगळ्या टाकीत आणि इंजिनाच्या खाली. जुन्या एअर-कूल्ड पोर्श ९११ असोत नाहीतर सी६ कॉर्व्हेट झी०६, तिथे दोन्ही जागांचे प्लग उघडावे लागतात, एकीकडून ओढून घेतलं म्हणजे झालं असं नाही. आणि अशा वेळी अर्धवट काढलेल्या ऑईलवर पुस्तकात दिलंय तेवढं नवीन ऑईल भरलं तर लेव्हल फार वर जाते आणि जास्तीचं ऑईल टाकीच्या हवेच्या नळीतून इनटेककडे फेकलं जातं.

आता वस्तू म्हणून पंपाच्या दोन-तीन बारीक कटकटी. टाकीचा बूड अरुंद आहे, भरल्यावर चालताना हिंदकळते आणि नळीला धक्का लागला तर पूर्ण ऐवज आडवा व्हायची भीती. नळी जिथे टाकीला जोडली जाते तिथलं प्लास्टिकचं टोक सैल बसतं, तिथून हवा खेचली की व्हॅक्यूम मरतो आणि माणूस उगाच दांडे मारत बसतो, मी तिथे क्लिप आवळली तेव्हा ते नीट झालं. कंपनीला लिहिलं तर "दांडा अजून जोरात ओढून बघा" असं उत्तर आलं, म्हणजे प्रश्न वाचलाच नाही. आणि जुनं ऑईल टाकीतून डब्यात ओतायचं तोंड इतकं छोटं की शेवटचा पाव लिटर काढायला टाकी उलटी धरून उभं राहावं लागतं. ऑईल अंगावर घेऊ नका हे सांगायला नकोच, वापरलेलं इंजिन ऑईल कातडीला वारंवार लागणं चांगलं नाही, नायट्राईलचे हातमोजे घाला आणि जुनं ऑईल गटारात किंवा मातीत न ओतता जिथे जमा करून घेतात तिथेच द्या.

एवढेच पैसे माझ्यासारख्या गाडीवर खर्च करायचे असतील तर मी आधी बुटका ट्रॉली जॅक आणि चांगले जॅक स्टँड घेईन. साधा जॅक या गाड्यांच्या खाली शिरतच नाही, आणि साधे रॅम्प लावायला गेलं तर चाक रॅम्पला लागायच्या आधी पुढचा बंपर लागतो, म्हणून रॅम्प घेणार असाल तर लांब आणि कमी चढाचे घ्या, नाहीतर पुढे फळ्या टाकून चढवा. मागच्या चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून ठोकळे) लावायची, हँडब्रेक ओढायचा, स्टँडवर गाडी टेकल्यावर तिला हाताने दोन-तीन धक्के देऊन बघायचं आणि मगच खाली जायचं. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालणारे लोक बघितले की माझा तर जीव वर येतो.

मग येतो टॉर्क रेंच, म्हणजे मोजून जोर लावायचा पाना. ड्रेन प्लगला या इंजिनात ३० ते ४१ न्यूटन मीटर एवढाच जोर सांगितलाय, म्हणजे लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप कमी. लांब दांड्याच्या पान्याने "अजून थोडं" करत आवळला की आटे जातात आणि मग चेंबर उतरवायची वेळ येते. वॉशर दरवेळी नवीन टाका, किरकोळ वस्तू आहे, चिकटपणा करू नका. फिल्टर काढल्यावर त्याची जुनी रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना हे टॉर्चने बघा, कारण तिच्यावर नवीन फिल्टर बसवला की दोन रिंगा एकावर एक येतात, गाडी चालू केल्यावर प्रेशरने ऑईल बाहेर फेकलं जातं. नवीन फिल्टरच्या रबराला बोटाने ऑईल लावायचं, टेकेपर्यंत हाताने फिरवायचा आणि वर डब्यावर लिहिलंय तेवढंच पुढे, बहुतेक ठिकाणी पाऊण फेरा. पान्याने नाही, हातानेच. या गाडीत फिल्टर आडवा बसतो म्हणून ऑईल मागे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह चांगला असलेला फिल्टर घ्या, नाहीतर गाडी उभी राहिली की फिल्टर रिकामा होतो आणि सकाळची टिकटिक लांबते.

ड्रेन प्लगच्या जागी बसवायचा छोटा व्हॉल्व्हही मिळतो, लिव्हर फिरवला की ऑईल सुरू, फुमोटो कंपनीचे त्यात प्रसिद्ध आहेत. कल्पना मस्त, पण तो प्लगपेक्षा खाली लोंबतो, आणि सस्पेन्शन खाली करून आधीच जमीन चाटणाऱ्या गाडीला तो लावायची माझी तरी हिंमत नाही.

तर पाचपैकी मार्क द्यायचे झाले तर वस्तू म्हणून साडेतीन, माझ्या गाडीसाठी दोन, आणि फिल्टर वर असलेल्या गाडीसाठी साडेचार बिनधास्त. माझ्याकडचा पंप तसा पडून नाही, ऑईल जास्त पडलं की अर्धा-पाव लिटर काढून घ्यायला तो झकास आहे, आणि पॉवर स्टिअरिंगच्या डब्यातलं जुनं तेलही त्याने निघतं. फक्त ब्रेकच्या तेलाला तीच नळी लावू नका, ब्रेकच्या सिस्टिममध्ये इंजिन ऑईलचा अंश गेला तरी सगळी रबरं फुगून खराब होतात. आणि तरीही घ्यायचाच असेल तर ऑर्डर करण्याआधी आपल्या डिपस्टिकच्या पाईपचा आतला व्यास आणि सोबत येणाऱ्या सगळ्यात बारीक नळीचा बाहेरचा व्यास दोन्ही मोजून घ्या, काही इंजिनांची पाईप इतकी चिंचोळी असते की बॉक्समधली एकही नळी आत जात नाही.